चिऊचा घास

अक्का,

यंदा आमच्या शाळेत मराठी पहिलीला एकही मूल आलं नाही. जूनच्या सुरुवातीला मी नेहमीप्रमाणे खोली झाडून घेतली, फळा काळा करून वाळवला, पहिल्या रांगेच्या चटया उन्हात टाकल्या आणि वाट पाहिली. मग हेडमास्तरांनी मला चौथीवर नेमलं आणि त्या खोलीला कुलूप लागलं. कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. आईबापांना वाटतं मुलानं कन्नड शिकावं, इंग्रजी शिकावं, आणि या मुलखात राहायचं तर त्यांचं बरोबरच आहे. पण जन्मभर पहिली-दुसरीच शिकवलेल्या माणसासमोर चौथीची मुलं बसली की हातांचं काय करावं ते कळत नाही. त्यांचा हात धरावा लागत नाही. त्यांना माझं फारसं काही लागत नाही. संध्याकाळी हुबळीच्या नवनगरातल्या घरी येतो, हातपाय धुऊन देवापुढे दिवा लावतो, स्तोत्र म्हणतो, आणि त्यानंतरची संध्याकाळ संपता संपत नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगी तिच्या संसारात आहे, फोन करते, मी बरा आहे म्हणतो. परवा असाच बसलो होतो आणि मनात आलं, की लहान मुलाला लिहायला कसं शिकवावं याबद्दल बोलावं असं माणूस मला आता उरलेलं नाही. होतं ते एकच होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं लोटली की तुमचा आवाजही मला नीट आठवत नाही, पण तुमची बोटं आठवतात. खडूनं भेगाळलेली, पाटीवर टेकलेली.

आपलं गाव धारवाडहून हल्याळकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शाळा म्हणजे कौलारू, लांबट अशी एकच खोली, तिच्यात पहिली ते चौथी सगळी एकत्र. तुम्ही धारवाडहून सकाळच्या बसनं यायचात. पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलं, मला बाई म्हणा. पण गावातली निम्मी पोरं घराबाहेर कन्नडच बोलायची, आणि कन्नडात शिकवणाऱ्या बाईला अक्कोरू म्हणतात. कुणीतरी मधला मार्ग काढून तुम्हाला ‘बाईअक्का’ अशी हाक मारली. तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात, आणि त्या दिवसापासून नुसत्या अक्का झालात.

तुमच्या आधी जे मास्तर होते त्यांची रीत साधी होती. फळ्यावर एक ओळ लिहायची आणि ती साऱ्या वर्गानं पाटी भरेपर्यंत उतरवायची. ज्याला अजून अ काढता येत नाही त्यानंही तीच, आणि जो घरी पोथी वाचतो त्यानंही तीच. ज्याला येत होतं तो दोन मिनिटांत संपवून शेजाऱ्याला चिमटे काढायचा, ज्याला येत नव्हतं तो पाटीवर थुंकून पुसत बसायचा. मी या दुसऱ्यांतला. माझी अक्षरं ओळीत उभी राहत नसत. एखादं अक्षर दुसऱ्याच्या पायाशी लोंबत असे. मास्तर म्हणायचे, याची अक्षरं वटवाघळं आहेत, आणि मला मागे पाण्याच्या रांजणाशी बसवायचे. तुम्ही आलात तेव्हा मी तिथेच होतो. वयानं दुसरीत शोभणारा आणि पाटीनं पहिलीतही न बसणारा.

माझ्या आठवणीतला पहिला दिवस हा आहे. तुम्ही रांजणाशी आला आहात, उकिडव्या बसला आहात आणि माझी पाटी बघता आहात. मी ‘पुस्तक’ लिहिलं आहे. स पूर्ण काढला आहे आणि त्याच्या खाली एक बारका त टांगला आहे. तुम्ही विचारता, हे कुठे शिकलास? मी गप्प. तुम्ही पुन्हा विचारता. मग तुम्ही हळूच कन्नडात विचारता, “यारु कलसिद्रु?” कुणी शिकवलं? आणि माझ्या तोंडून लगेच येतं, मामा. कारण आदल्या वर्षी आई मला घेऊन आजोळी नवलगुंदाकडे राहिली होती, आणि मामानं मला तिथल्या कन्नड शाळेत बसवलं होतं. कन्नडात जोडाक्षराचं दुसरं अक्षर पहिल्याच्या खालीच लिहितात. मी मराठी अक्षरं घेतली होती, पण त्यांना राहायला घर कन्नडातलं दिलं होतं. तुम्ही त्या लोंबत्या त वर बोट ठेवून विचारलंत, हा खाली का गेला? मी म्हणालो, “तो तिथंच राहतोय की.”

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, कन्नडात माडीचं घर असतं, एक वर, एक खाली. मराठीत घरं ओळीनं, भिंतीला भिंत लागून. जागा करायची तर स नं आपला अर्धा पाय आत घ्यायचा. मग तुम्ही माझा हात धरून स चा पाय आत घेतलात आणि त ला शेजारी आणून बसवलंत. उठताना साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोललात, “हा ढ नाही रे. याला दोन लिप्या येतात आणि दोघींचं भांडण लागलंय.” अक्का, या एका वाक्यावर मी पुढची सगळी शाळा काढली. आईला जाऊन सांगितलं. ती चुलीपुढे होती. ती म्हणाली, मग त्यांचं भांडण सोडवा म्हणावं बाईंना, आमचं कोण सोडवतंय. तेव्हा मला त्यातलं काही समजलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तुम्ही घासांची रीत काढलीत. एक पोरगी धाकट्या भावाला काखोटीला मारून शाळेत आणायची आणि मधल्या सुट्टीत त्याला भरवायची. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा हम्माचा. तुम्ही ते पाहिलंत आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘भाकरी’ एवढाच शब्द लिहून वर्गाचे तीन भाग केलेत. चिऊच्या घासाला बसलेल्यांनी तो शब्द लिहायचा आणि शेवटी त्यावर रेघ ओढायची, एकच, हात न उचलता. काऊच्या घासाला बसलेल्यांनी त्या शब्दाचं एक वाक्य करायचं. आणि हम्माच्या घासाला बसलेल्यांनी आपल्या घरी भाकरी कशी होते ते पिठापासून ताटापर्यंत लिहायचं. “भाकरी एकच,” तुम्ही म्हणालात, “घास ज्याचा त्याचा.” पुढे प्रशिक्षणाच्या वर्गात मला हीच गोष्ट मोठमोठ्या शब्दांत शिकवली. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होतो, हे तर आम्ही रांजणाशी बसून शिकलो.

मला तुम्ही चिऊच्या घासाला बसवलंत. ते बरोबर होतं. दोन लिप्यांचं भांडण मिटेपर्यंत मला एकेक शब्दच हवा होता, आणि त्या एकेका शब्दानं माझी अक्षरं हळूहळू ओळीत आली. पण चिऊच्या चटईवर माझ्या गुडघ्याएवढी पोरं होती. नाक ओढणारी, झोप आली की पाटीवर डोकं टेकणारी. माझ्या वयाचे सगळे पलीकडे, हम्माच्या बाजूला. ते लिहायचे, एकमेकांचं वाचायचे, हसायचे. काय वाचून हसतात ते मला इकडून कळत नसे. सुट्टीत शाळेत शिजवलेलं पिवळं उप्पीट वाढायचे तेव्हा मी त्यांच्यात जाऊन बसलो, तर एक जण म्हणाला, “ए चिमणे, तुझे दाणे तिकडं.” बाकीचे हसले. त्यात दुष्टपणा नव्हता, पोरांचं बोलणं. मी उठलो, उप्पीट घेऊन शाळेच्या अंगणातल्या आंब्याच्या पलीकडे गेलो आणि एकटा खाल्लं. नंतर तिथेच बसायची सवय झाली. ती सवय फार दिवस टिकली, अक्का. अजून शाळेत मी डबा एकटाच खातो, आणि शिक्षकांना वाटतं माझं काही सोवळंओवळं आहे.

आता तुम्हाला न सांगितलेली गोष्ट. एक दिवस तुम्ही फळ्यावर ‘घर’ लिहिलंत. मी घर हा शब्द लिहिला, रेघ ओढली, आणि मला थांबवेना. पाटी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूला हम्माचा घास लिहायला घेतला. अप्पा तेव्हा हुबळीला गिरणीत होते आणि महिन्यातून एखादा शनिवार यायचे. मी लिहिलं, ‘अप्पा शनवारी येतो म्हणाले. आले नाहीत. आईने तिघांचं वाढलं. मग एक ताट झाकून ठेवलं.’ एवढं लिहायला मला सारी दुपार लागली. हे मी कुणाशी बोललो नव्हतो. आईशी तर नाहीच. पाटीवर ते उभं राहिलं तेव्हा मला आधी भीती वाटली आणि मग बरं वाटलं. मी पाटी घेऊन तुमच्याकडे आलो. नेमकं त्याच वेळी बाहेर उप्पिटाचं पातेलं उतरत होतं, पोरं दाराशी रेटारेटी करत होती, तुम्ही अर्ध्या उठल्या होतात. तुम्ही पाटीवर नजर टाकलीत आणि तुम्हाला दिसलं ते माझं जुनं दुखणं. ‘अप्पा’तला दुसरा प खाली लोंबत होता. ‘म्हणाले’तला ह म च्या पायाशी पडला होता. घाईत, मनात भरून आलेलं लिहिताना, माझी सगळी अक्षरं पुन्हा कन्नडच्या माडीखाली जाऊन राहिली होती.

तुम्ही म्हणालात, “तुला सांगितलं तेवढंच लिहायचं. मोठा घास घेतला की ठसका लागतो.” आणि ओल्या तळहातानं पाटी पुसलीत. रागानं नाही. मायेनंच पुसलीत, जसं आई पोराच्या तोंडावरचं पुसते. वर म्हणालात, आधी त्यांना शेजारी शेजारी बसायला शिकव, मग वाढवू. मी मान हलवली. आंब्याखाली गेलो.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीनंतर मी काऊकडे गेलो, पुढच्या वर्षी हम्माकडे, आणि चौथीत असताना गावातल्या लोकांना पारावर पेपर वाचून दाखवू लागलो. अप्पा पुढे येईनासेच झाले. हुबळीत त्यांनी दुसरं बिऱ्हाड केलं होतं, हे गावाला आमच्या आधी कळलं. निबंध मी पुष्कळ लिहिले, बक्षीसही मिळालं, पण ‘घर’ या विषयावर मला कधी काही सुचलं नाही. जमेल तेवढाच घास घ्यायचा हे माझ्या अंगात मुरलं. त्याचा फायदाही झाला. मी कशात फसलो नाही, कुणाशी भांडलो नाही. आणि कुणापाशी मन मोकळंही केलं नाही. बायको म्हणायची, तुमच्याशी संसार करणं म्हणजे देवळातल्या देवाशी बोलणं, ऐकतात सगळं, सांगत काही नाहीत. ती हे हसत म्हणायची. मी पण हसायचो.

नोकरी लागली तेव्हा मी तुम्हाला भेटायला रायापूरला आलो होतो. तुम्ही निवृत्त होऊन भावाकडे राहायला आल्या होतात. दृष्टी मंदावली होती, पण मी दारात चपला काढेपर्यंत तुम्ही मला पावलांवरून ओळखलंत. बाहेरच्या खोलीत न बसवता थेट स्वयंपाकघरात पाट दिलात. तुमची वहिनी भाकऱ्या थापत होती. तुम्ही तिला सांगितलंत, “हा माझा चिऊ. आता हुबळीत गुरुजी झालाय.” तुम्ही इतक्या कौतुकानं सांगितलंत की तिनं परातीतून हात काढून मला नमस्कार केला, पिठाच्या हातांनी. मग तुम्ही मला तव्यावरची पहिली भाकरी वाढलीत, वर लोणी घातलंत, आणि वर्गाची चौकशी सुरू केलीत. मुलं किती, पाट्या आहेत का, तीन घास करतोस ना. मी म्हणालो, करतो. तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून माझ्या ओठांवर आलेलं परत आत गेलं. मी त्या दिवशी ठरवून आलो होतो, अक्का. पाटीच्या उलट्या बाजूचं सांगायचं, असं बसमध्ये चार वेळा मनात घोळवलं होतं. पण तुमच्यासमोर भाकरी खाता खाता ते किती लहान वाटलं. निघताना तुम्ही मला जुन्या लुगड्याच्या घड्या घालून गोधडीसारखं टाके घातलेलं एक फडकं दिलंत, फळा पुसायला. ते मी फळ्यावर पुष्कळ वर्षं वापरलं. मुलाची पाटी मात्र मी आजवर स्वतःच्या हातानं पुसलेली नाही. हे मुद्दाम ठरवलं नव्हतं. हातच जात नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मला कळलं तेव्हा दहावंही होऊन गेलं होतं. आणि त्याच जूनमध्ये ती मुलगी माझ्या वर्गात आली, जिच्याबद्दल मला तुम्हाला विचारायचं होतं आणि विचारायला तुम्ही नव्हतात.

हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्या घरातली ती. घराणं मूळचं मिरजेकडचं, दोन-तीन पिढ्या इकडे. घरात आजीशी मराठी, दुकानात गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि ही पोरगी दोन्ही एकदम बोलायची. बोलायला लागली की थांबायची नाही, पण पेन्सिल हातात दिली की बोटं लाकडासारखी. अक्षर उलटं पडायचं, ओळ डोंगर चढायची. मी तुमच्या रीतीनं तिला चिऊच्या घासाला बसवलं. फळ्यावर ‘दुकान’ लिहिलं, तिनं फक्त तो शब्द लिहायचा. बाकीच्यांनी वाक्यं, वरच्यांनी आपण पाहिलेल्या दुकानाबद्दल लिहायचं. हेडमास्तर दारातून बघून गेले आणि नंतर म्हणाले, “गुरुजी, तुमचा वर्ग आहे का खानावळ? एकाला अर्धं, एकाला पूर्ण!” मी हसून सोडून दिलं. माझा तुमच्यावर विश्वास होता.

एका सोमवारी पोरगी आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तिची आजी आली आणि म्हणाली, आता हिला शाळेतून काढतो, तिचा बाप म्हणतो उगाच कशाला, घरी राहील, दुकानात बसेल. मी विचारलं, झालं काय? आजी म्हणाली, काय सांगू गुरुजी, रात्री भरवताना मी म्हटलं हा घास चिऊचा, तर तिनं ताट लोटून दिलं. म्हणते, “मी चिमणी न्हाई.” शाळेचं नाव काढलं की तेच. मी चिमणी न्हाई, मी चिमणी न्हाई. मग आजीनं माझ्याकडे जरा रोखून बघितलं. “घरात आम्ही हिला सगळ्यात मोठं ताट वाढतो, गुरुजी. शाळेत काय वाढता तुम्ही?”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भांडीबाजारात गेलो. रस्ताभर एकच विचार, की ही पोरगी आता सुटली तर पुन्हा कधी पेन्सिल धरणार नाही. मुलगा असता तर बापानं मारून मुटकून पाठवला असता. हिच्यासाठी कुणी तेवढं करणार नव्हतं. ती दुकानात मागच्या बाजूला, पातेल्यांच्या उतरंडीशी बसली होती. मला पाहून तोंड फिरवलं. बापानं चहा मागवला आणि हिशेबात डोकं घातलं. मी तिच्या शेजारी खाली बसलो. तुम्ही असतात तर काय केलं असतं, हे आठवायला लागलो, आणि आठवलं ते वेगळंच. आंब्याचं झाड आठवलं, पिवळं उप्पीट आठवलं. मग मी तिला जे विचारलं ते तुम्ही आम्हाला कधी विचारलं नव्हतं. विचारलं, “तुला कुठला घास पाहिजे? तू सांग.” ती भिंतीकडे बघतच म्हणाली, “दोड्डदु.” मोठा. म्हणालो, दिला.

ती आली. हम्माच्या चटईवर, मोठ्या मुलींच्या मधे जाऊन बसली. पहिल्या दिवशी सबंध तासात तिचं एक अक्षर झालं. दुसऱ्या दिवशी दोन. रोज मोठा घास मागायची आणि रोज तो तिच्या ताटात तसाच राहायचा. मुली चिडवायला लागल्या, “हम्मा आली, हम्मा आली, गवत कुठाय?” मी मधे पडणार होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, “गाय आधी गिळती, मागनं बसून चावती. तुम्हाला कुठं ठाऊक?” मुली आपापल्या लिहिण्याकडे वळल्या. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही येत होतं.

तरी अक्षर होईना ते होईनाच. मग एक दिवस मी तिच्या शेजारी बसून म्हटलं, तू नुसतं सांग, लिहितो मी. तिनं एका दमात सांगितलं, आमच्या दुकानात पातेली एकात एक बसवतात. सगळ्यात आतलं पातेलं कुणाला दिसत नाही म्हणून ते खपत नाही. मी ते तिच्या शब्दांत, एकही शब्द न बदलता, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि ओळीखाली तेवढीच जागा सोडली. तिला म्हटलं, आज यातला तुला आवडेल तो एकच शब्द खाली लिही. तिनं ‘आतलं’ हा शब्द निवडला. तो तिनं फार सावकाश लिहिला, ल गोल होईपर्यंत दोनदा खोडून लिहिला, आणि मग सबंध वाक्य वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. हम्माच्या घासाला बसलेल्या पोरींनी ऐकलं आणि एकीनं विचारलं, मग ते आतलं पातेलं तुम्ही वर का ठेवत नाही? त्यावर दोघींचं भांडणच जुंपलं. मी ते चालू दिलं.

त्या भांडणाच्या वेळी मला कळलं, अक्का, की तुमच्या रीतीत काय राहून गेलं होतं. घास हाताच्या मापाचा द्यायचा, हे तुम्ही शिकवलंत आणि ते खरंच आहे. नाहीतर मी रांजणाशीच राहिलो असतो. पण हात चिमणीचा आहे म्हणून पोराला सांगायचंही चिमणीएवढंच असतं, असं नाही. हाताला लहान काम द्यावं, आणि सांगायचं असेल ते सगळं सांगू द्यावं, कुणीतरी ते लिहून घ्यावं. तेवढं मी तुमच्या तीन घासांत घातलं. पुढे सारी वर्षं तसंच शिकवलं. पुष्कळ मुलांनी मला पुष्कळ काही लिहायला सांगितलं. बापाचं पिणं सांगितलं, मेलेल्या कोकराचं सांगितलं, एकानं तर देव उगाच आहे असं लिहायला लावलं आणि मी ते लिहिलं, मनात देवाची क्षमा मागून. ती मुलगी चौथीपर्यंत माझ्या शाळेत होती. नंतर घरच्यांनी तिला कन्नड शाळेत घातलं. कन्नडात जोडाक्षरं खाली लिहितात हे तिला तिथे कुणाला सांगावं लागलं नसणार, ते मी आधीच सांगून ठेवलं होतं.

तुमचं चुकलं असं लिहायला मी बसलेलो नाही. त्या दुपारी दाराशी पोरं होती, पातेलं गरम होतं, आणि एका खोलीत चार वर्ग होते. तुम्ही ते वाचलं असतं तरी अप्पा आले नसते. पण दोन गोष्टी मला एकदमच खऱ्या वाटत आल्या आहेत, आणि त्या शेजारी शेजारी बसत नाहीत. तुम्ही मला वेगळं दिलंत म्हणून मी लिहायला शिकलो. आणि तुम्ही मला वेगळं दिलंत तेव्हापासून मी एकटा आहे. पहिली गोष्ट मी सगळ्यांना सांगतो, शिक्षकदिनाच्या भाषणात सांगतो. दुसरी कधी कुणाला सांगितली नाही. कुलूप लावलेल्या खोलीसमोरून रोज जाताना ती वर येते. समोर मुलं होती तोवर ती त्यांच्या आवाजात बुडून राहत होती, असं आता वाटतं.

पत्र इथपर्यंत आलं आहे आणि बाहेर अंधार पडतो आहे. दिवा लावायची वेळ झाली. हे कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, रायापूरचं ते घरही आता पाडलं आहे. पण खरं सांगतो, तुम्ही असतात तरी मी हे टाकलं नसतं. एखाद्या रविवारी बसनं आलो असतो, पाटावर बसलो असतो, तुम्ही विचारलं असतं, कसा आहेस रे? आणि मी म्हणालो असतो, बरा आहे, अक्का.